औषध सुरू केल्यावर फिट्स वाढल्या – असं होऊ शकतं का?

मोरपंखी

नमस्कार. इथे आजवर फक्त वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मुलगी सात वर्षांची आहे. सकाळी उठताना तिला मोठी फिट आली. अंग ताठ झालं, मग झटके, तोंडाला फेस आणि नंतर गाढ झोप. तपासण्या झाल्या, एमआरआय नॉर्मल आला, ऑक्सकार्बाझेपिन सुरू झालं. तशी मोठी फिट परत आलेली नाही, हे आधीच सांगते.

पण औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत भलतंच सुरू झालं. बोलता बोलता मध्येच थांबते, नजर एका जागी ठरते, पापण्या थरथरतात. पाच-दहा सेकंदांत परत भानावर येते आणि वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे चालू. मध्ये काही झालं हे तिच्या गावीही नसतं. शाळेतल्या बाईंनी वही दाखवली, शुद्धलेखनात मधलेच शब्द गायब. हे सांगितल्यावर डोस वाढवला गेला. त्यानंतर हे टक लावणं इतकं वाढलं की आम्ही मोजणं सोडून दिलं.

आम्हाला सांगण्यात आलं, आजार वाढतोय, अजून डोस वाढवू. नवरा म्हणतो औषधामुळेच होतंय. घरात एक मत असंही आहे की आठवडाभर सगळं बंद करून बघावं. ज्या औषधाने फिट थांबायच्या, त्यानेच वाढतात असं खरंच होतं का? की आम्ही उगाच दोन गोष्टींचा संबंध जोडतोय?

---

कुंपणावरचा

संबंध जोडण्याची घाई नको असं माझं मत. फिट्सचा आजार मुळात चढ-उताराचा. चढावर असताना आपण डॉक्टरांकडे जातो, औषध नेमकं तेव्हा सुरू होतं, मग पुढे जे बरंवाईट होईल ते औषधाच्या नावावर जमा होतं. आणि हे टक लावणं आधीपासून नव्हतंच याची खात्री आहे का? एवढ्या लहान फिट्स घरच्यांच्या लक्षातही येत नाहीत. मुलं 'तंद्रीत' असतात म्हणून सोडून देतो आपण.

---

पानगळ

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, फक्त औषध वेगळं.

---

चेतातंतू

मुलांच्या मेंदूविकारांवर काम करतो. धाग्यावर निदान करत नाही, पण प्रश्न फार महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

मोरपंखी, सगळ्यात आधी: आज रात्रीचा डोस चुकवू नका. औषधावर कितीही संशय असला तरी एकदम बंद केल्यावर न थांबणारी फिट येऊ शकते आणि ती तुमच्या आत्ताच्या त्रासाहून कितीतरी धोक्याची असते. 'बंद करून बघणं' हा प्रयोग घरी करायचा नाही.

आता उत्तर. हो, असं होतं. जुनी आणि नीट नोंदलेली गोष्ट आहे. 1998 साली एपिलेप्सीतल्या चार नामवंत संशोधकांनी याच विषयावर मोठा आढावा लेख लिहिला होता. आणि हे कुठल्याही औषधाने कुठल्याही मुलाला होतं असं नाही, त्यात बऱ्यापैकी ठरलेली जोडी असते: अमुक प्रकारच्या फिट्स, अमुक गटातलं औषध.

तुम्ही वर्णन केलेल्या प्रकाराला अ‍ॅबसेन्स म्हणतात. (वर्णनावरून तसं वाटतंय, एवढंच म्हणतो.) फिट्सचे ढोबळमानाने दोन गट. एकात मेंदूच्या एका जागेतून गडबड सुरू होते. दुसऱ्यात मेंदूच्या खोल भागातला थॅलॅमस आणि वरचा पृष्ठभाग यांच्यातल्या वेटोळ्यात एकदम दोन्ही बाजूंना एकसारखी लय धरली जाते. अ‍ॅबसेन्स दुसऱ्या गटातली. ऑक्सकार्बाझेपिन, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही पेशींवरचे सोडियमचे दरवाजे अडवणारी औषधं. पहिल्या गटात ती उत्तम चालतात. दुसऱ्या गटात मात्र तीच लय आणखी पक्की करू शकतात. व्हिगाबॅट्रिन, टायागाबिन आणि गॅबापेंटिन यांच्याबद्दलही अ‍ॅबसेन्स वाढल्याच्या नोंदी आहेत. कधीकधी मूल तासन्‌तास धूसर, हरवल्यासारखं राहतं, विचारलं तर हळू उत्तर देतं. तीही एक सलग चाललेली फिट असू शकते. तसं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

मोठी फिट मात्र याच औषधाने थांबू शकते, आणि सगळा घोळ तिथेच होतो. 'औषध लागू पडलंय, थोडं कमी पडतंय' असं वाटून डोस वाढतो.

कुंपणावरचा यांचा मुद्दा चूक नाही. टक लावणं आधी असेल आणि लक्षात आलं नसेल, हेही शक्य आहे. म्हणूनच पहिला ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) परत बघायला हवा. तो झाला तेव्हा मुलीला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला, फुंकर मारायला लावली होती का ते आठवा. अ‍ॅबसेन्स असेल तर त्या वेळात ती बहुधा समोरच दिसते, आणि ईईजीवर सेकंदाला तीनच्या आसपास टोक-आणि-लाट असा ठसठशीत नमुना येतो. रडत असलेल्या किंवा झोपेत केलेल्या तपासणीत हे करता येत नाही.

---

मोरपंखी

डॉक्टर, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ईईजी झोपेतच झाला होता. फुंकर वगैरे काही नव्हतं. डोस चालू ठेवलाय, घरातल्या मंडळींना तुमचा पहिला परिच्छेद वाचून दाखवला.

---

अर्धविराम

मोरपंखी ताई, आमचा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. आमची कहाणी वेगळ्या आजाराची, पण प्रश्न अगदी हाच.

सहा महिन्यांचा असताना ताप आला आणि शरीराच्या एकाच बाजूला झटके सुरू झाले, बराच वेळ थांबेनात. तापातली फिट म्हणून सोडून दिलं गेलं. पुढच्या वेळी दुसरी बाजू. मग गरम पाण्याने आंघोळ घातली तरी फिट. कार्बामाझेपिन दिलं, वाढल्या. ते काढून लॅमोट्रिजिन दिलं, तर मोठ्या फिट्सच्या जोडीला अंगभर दचकणं आलं. तोवर मुलगा चालायला, चार शब्द बोलायला लागला होता, त्यात मागे पडायला लागला. आमची समजूत अशी की आजारच इतका हट्टी आहे की कुठलंच औषध पुरत नाही.

नंतर जनुकीय तपासणी झाली आणि एससीएन-वन-ए या जनुकात बिघाड सापडला. ड्रावे सिंड्रोम. लॅमोट्रिजिन हळूहळू उतरवलं, व्हॅलप्रोएट आणि क्लोबाझाम ठेवलं, पुढे स्टिरिपेंटॉल जोडलं. फिट्स गेल्या असं म्हणणार नाही, ताप आला की आजही रात्र जागून काढतो. पण लॅमोट्रिजिन उतरल्यावर दचकणं जवळजवळ थांबलं. औषध कमी करून मुलगा सुधारतो हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय आम्हीही मानलं नसतं.

यामागचं कारण डॉक्टरांनीच सोपं करून सांगावं, मला नीट मांडता येत नाही.

---

चेतातंतू

अर्धविराम, तुम्ही लिहिलेलं वर्णन शिकाऊ डॉक्टरांना वाचायला द्यावं असं आहे. पहिल्या वर्षात, तापात किंवा गरम पाण्यात, लांबलेली, कधी डाव्या तर कधी उजव्या बाजूची फिट. हे ऐकलं की सोडियम अडवणारं औषध (लॅमोट्रिजिनही त्यातलंच) लिहिण्याआधी हात थांबायला हवा.

कारण असं. शार्लट ड्रावे या फ्रेंच डॉक्टरांनी 1978 मध्ये हा आजार वेगळा ओळखून मांडला. जनुक सापडायला 2001 उजाडलं. हे जनुक सोडियमचा जो दरवाजा बनवतं, तो मुख्यतः मेंदूतल्या 'आवर घालणाऱ्या' पेशींमध्ये कामाचा असतो. म्हणजे बिघाड ब्रेकमध्ये आहे, आणि सोडियम अडवणारं औषध त्या अर्धवट ब्रेकलाच आणखी ढिला करतं. गाडी थांबणार कशी? आधीच अर्धे दरवाजे बंद, उरलेले आपण औषधाने बंद केले.

आता वापरात असलेली स्टिरिपेंटॉल, फेनफ्लुरामिन, शुद्ध केलेलं कॅनाबिडिऑल ही औषधं वेगळ्या वाटांनी काम करतात. अमेरिकेत कॅनाबिडिऑल आणि स्टिरिपेंटॉल यांना ड्रावेसाठी 2018 मध्ये परवानगी मिळाली, फेनफ्लुरामिनला 2020 मध्ये.

---

सडेतोड

म्हणजे शेवटी खरं काय, तर या गोळ्याच विष आहेत. आमच्या ओळखीत एकाने सगळं बंद केलं, मूल ठणठणीत आहे. डॉक्टर लोक कधी कबूल करणार नाहीत.

---

निशिगंध

सडेतोड, रागावू नका, पण माझी मुलगी आज ज्या औषधामुळे आहे तेच औषध वर दोनदा खलनायक ठरलंय, म्हणून लिहिते.

जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून फिट्स. अंग ताठ, निळी पडायची. फेनोबार्बिटॉन दिलं, काही उपयोग नाही. आणखी दोन औषधं झाली. मग जनुकीय तपासणीचा रिपोर्ट येण्याआधीच तिथल्या डॉक्टरांनी केसीएनक्यू-टू या जनुकातला बिघाड असावा असा अंदाज बांधून कार्बामाझेपिन सुरू केलं. काही दिवसांत फिट्स थांबल्या. रिपोर्टही तोच आला. तिच्या वाढीचे प्रश्न आहेत, ते राहतील, पण फिट्स नाहीत.

तेव्हा 'कार्बामाझेपिन वाईट' असं डोक्यात ठेवून इथून कुणी जाऊ नये एवढीच विनंती.

---

चेतातंतू

निशिगंध, +१. एससीएन-टू-ए आणि एससीएन-एट-ए या जनुकांतही असंच दिसतं. त्यात दरवाजा गरजेपेक्षा जास्त उघडा राहण्याचा बिघाड असेल, विशेषतः फिट्स जन्मानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुरू झाल्या असतील, तर सोडियम अडवणारी औषधंच बहुधा उपयोगी पडतात, कधी चढ्या डोसमध्ये. ड्रावेमध्ये ज्यांना हात लावायचा नाही तीच ही औषधं.

सडेतोड, डॉक्टर कबूल करत नाहीत हे म्हणणं या विषयापुरतं तरी टिकत नाही. याबद्दलची जवळजवळ सगळी माहिती डॉक्टरांनीच स्वतःच्या रुग्णांच्या नोंदींतून लिहिली आहे. आणि काही बालवयातल्या एपिलेप्सी वयाबरोबर आपोआप जातात. तुमच्या ओळखीतलं मूल त्यातलं असेल. त्याला जे चाललं ते दुसऱ्याच्या मुलावर करून बघू नका.

---

मात्रा_वेलांटी

औषधनिर्माणशास्त्र हा माझा पेशा, तेव्हा माझ्या बाजूचं थोडं. 'औषधाने फिट वाढली' असं म्हणून येणाऱ्यांत सगळे वर सांगितलेल्या जोडीतले नसतात. बऱ्याचदा गडबड औषधाच्या रक्तातल्या पातळीची असते, आणि ती दोन्ही दिशांनी होते.

फेनिटॉइन घ्या. एका मर्यादेनंतर यकृत ते तेवढ्याच वेगाने बाहेर टाकू शकतं, त्याहून जास्त नाही. मग डोस अगदी थोडा वाढवला तरी पातळी एकदम उडी मारते. सर्वसाधारण पातळी 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर धरतात. ती बरीच वर गेली की मूल झोकांड्या खातं, डोळे थरथरतात, जीभ जड होते, आणि फार वाढली तर फिट्सही वाढू शकतात. इथे डोस आणखी वाढवणं म्हणजे आगीत तेल.

त्यात फेनिटॉइनचं पातळ औषध खाली बसतं. बाटली नीट हलवली नाही तर वरचे डोस पातळ आणि तळाचे जहाल. सुरुवातीला औषध 'लागू पडत नाही' आणि बाटली संपत आली की मूल झिंगतं, अशी तक्रार आली की मी आधी बाटली कशी हलवता ते विचारतो. एकच पातळ औषध वेगवेगळ्या तीव्रतेतही मिळतं. बाटली बदलली की चमचे किंवा मिलिलिटर तेच ठेवू नका, मिलिग्रॅम किती ते बघा.

कार्बामाझेपिनची खोड उलटी. ते यकृताला स्वतःलाच लवकर बाहेर टाकायला शिकवतं. सुरुवातीला छान वाटतं आणि काही आठवड्यांत पातळी घसरून फिट्स परत दिसतात. तिथे डोस वाढवणंच बरोबर असू शकतं. त्याच मुलाला घसा दुखतो म्हणून एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिलं की पातळी चढते. व्हॅलप्रोएटवर असलेल्या मुलाला रुग्णालयात मेरोपेनेमसारखं अँटिबायोटिक दिलं, तर व्हॅलप्रोएटची पातळी कोसळते आणि फिट्स उसळतात. व्हॅलप्रोएटच्या जोडीला लॅमोट्रिजिन आलं तर लॅमोट्रिजिन शरीरात जवळपास दुप्पट काळ टिकतं, म्हणून ते फार सावकाश वाढवायचं असतं.

आणि ऑक्सकार्बाझेपिनबद्दल खास मोरपंखी यांच्यासाठी: रक्तातलं सोडियम तपासलंय का? या औषधाने (कार्बामाझेपिननेही) ते कमी होऊ शकतं. खूप कमी झालं तर डोकेदुखी, उलट्या, मरगळ येते, आणि त्यानेच फिट येऊ शकते. साधी तपासणी आहे.

---

पहाटपक्षी

मी स्वतः रुग्ण आहे, आता कॉलेजात. चौदाव्या वर्षी मोठी फिट आली, कार्बामाझेपिन मिळालं. त्याआधीपासून सकाळी उठल्यावर हातातून वस्तू उडायच्या. ब्रश, पेन, काहीही. घरचे धांदरट म्हणायचे आणि मीही तसंच मानायचो. गोळी सुरू झाल्यावर ते हिसके इतके वाढले की सकाळी काही हातात धरायची सोय राहिली नाही. कुणी विचारलं नाही आणि याचा फिटशी संबंध असेल असं कधी माझ्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, 'सकाळी हातातून काही पडतं का?' ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे किशोरवयातली हिसक्यांची एपिलेप्सी. औषध बदललं, हिसके गेले. आता फक्त जागरण केलं की येतात.

---

पानगळ

माझा मुलगा अकरा महिन्यांचा असताना व्हॅलप्रोएटवर होता. फिट्स वाढल्या, त्याबरोबर सतत झोप आणि उलट्या. लिव्हरचे रिपोर्ट चांगले होते म्हणून विषाणू संसर्ग समजले सगळे. नंतर रक्तातला अमोनिया तपासला तर तो वाढलेला. औषध बदललं गेलं. पुढच्या तपासण्या चालू आहेत. डॉक्टर, यात आणखी काय बघायला हवं?

---

चेतातंतू

पानगळ, हे इथे लिहिलंत ते फार बरं केलंत. व्हॅलप्रोएट अनेक प्रकारच्या फिट्सवर चालतं, म्हणून नेमकं निदान नसताना तेच हाताशी येतं. पण त्यावर असलेलं मूल पेंगुळलं, उलट्या करू लागलं आणि फिट्स वाढल्या, तर यकृताचे नेहमीचे रिपोर्ट चांगले असले तरी अमोनिया बघायलाच हवा. दोन वर्षांखालच्या मुलांत, त्यातही एकाहून जास्त औषधं चालू असतील तर, यकृतावर गंभीर परिणामाचा धोका अधिक असतो. पेशींच्या ऊर्जानिर्मितीचे किंवा युरिया चक्राचे (अमोनिया निकामी करणाऱ्या क्रियेचे) जन्मजात आजार त्यामागे दडलेले असू शकतात. पीओएलजी नावाच्या जनुकात बिघाड असेल तर व्हॅलप्रोएट जिवावर बेतू शकतं. तुमच्या डॉक्टरांना या शक्यतांबद्दल थेट विचारा. 'व्हॅलप्रोएटवर अमोनिया वाढला होता' हे मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे उद्या आणीबाणीत कुणी अनोळखी डॉक्टर तेच इंजेक्शन देणार नाही.

पहाटपक्षी यांचं उदाहरण मोरपंखींच्या जवळचं आहे. दोघांच्याही बाबतीत मोठी फिट सगळ्यांना दिसली आणि लहान प्रकार सुटून गेला. फिट दिसली की फोन काढून चित्रीकरण करा, हे मी प्रत्येक पालकाला सांगतो. चेहरा आणि दोन्ही हात दिसू द्या, सुरुवात सापडली तर उत्तम. वहीत नुसता आकडा लिहू नका, प्रकार लिहा: टक लावणं, दचकणं, ताठ होणं, पडणं. डोस बदलल्याची तारीख त्याच पानावर. एकूण फिट्स तेवढ्याच राहिल्या पण नवा प्रकार आला, हे नुसत्या आकड्यात कधी कळणार नाही.

---

कुंपणावरचा

माझी शंका मागे घेत नाही, पण थोडी बदलतो. औषध काढल्यावर सुधारणा झाली, तर तोही योगायोग असू शकतो ना? तेच औषध परत देऊन बघितल्याशिवाय सिद्ध कसं होणार?

---

चेतातंतू

तत्त्वतः बरोबर. पण मुलाला मुद्दाम परत त्रास होईल असं औषध देऊन सिद्धता मिळवायची नसते. म्हणून वेळ, फिटचा प्रकार, ईईजी आणि औषधाची माहीत असलेली खोड हे एकत्र जुळतं का ते पाहून निर्णय घेतो. कधीकधी तो चुकतोही. तापाचा आजार, अपुरी झोप, चुकलेले डोस, मुलाचं वजन वाढून अपुरा पडलेला डोस, ही सगळी कारणं आधी तपासायची.

---

मोरपंखी

थोडी प्रगती. फोनवरचं चित्रीकरण घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिथेच मुलीला कागदाच्या भिंगरीवर फुंकर मारायला लावली आणि मिनिटभरात ती आमच्यासमोर थांबली. ईईजी जागेपणी पुन्हा झाला, चेतातंतू यांनी लिहिलेला नमुना त्यात आला. आता नवं औषध हळूहळू चढवतोय आणि ऑक्सकार्बाझेपिन टप्प्याटप्प्याने उतरवतोय. टक लावणं अजून आहे, कमी झालंय असं बाई म्हणतात. सोडियम किंचित कमी होतं, त्याची पुन्हा तपासणी आहे.

मला त्या डॉक्टरांना विचारायचं होतं की एथोसक्सिमाइड हे अ‍ॅबसेन्सवरचं औषध का नको. 2010 मध्ये 453 मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत ते आणि व्हॅलप्रोएट लॅमोट्रिजिनपेक्षा सरस ठरल्याचं वाचलं, आणि लक्ष लागण्याच्या बाबतीत एथोसक्सिमाइड व्हॅलप्रोएटहूनही बरं. गडबडीत राहून गेलं.

---

चेतातंतू

बरोबर वाचलंत. ती चाचणी केवळ अ‍ॅबसेन्स असलेल्या मुलांची होती. एथोसक्सिमाइड अ‍ॅबसेन्ससाठी उत्तम, पण मोठ्या फिट्सपासून त्याचं संरक्षण भरवशाचं नाही, आणि तुमच्या मुलीला मोठी फिट येऊन गेली आहे. बहुधा म्हणूनच टाळलं असेल. तरी विचाराच. औषध बदलाच्या या काळात मोठी फिट आलीच तर काय करायचं, पाच मिनिटांत ती थांबली नाही तर नाकात किंवा गालात द्यायचं मिडाझोलाम घरी हवं का, शाळेत कुणाला शिकवायचं, हेही त्याच भेटीत लिहून घ्या.

---

मोरपंखी

विचारते. एक शेवटचं, मात्रा_वेलांटी यांना: नव्या औषधाची पातळी तपासायला सांगितलीय. रक्त सकाळी गोळी देऊन न्यायचं की न देता?

---

मात्रा_वेलांटी

न देता. सकाळच्या डोसच्या आधी रक्त द्या, गोळी बरोबर न्या आणि रक्त दिल्यावर तिथेच लगेच द्या. आदल्या रात्रीचा डोस किती वाजता दिला ते चिठ्ठीवर लिहा.